अडीच वितींवरचा ध्रुव

सकाळी नऊच्या सुमारास तारांगणाची दोन्ही दारे उघडी असतात, आणि त्या वेळी आत जो उजेड येतो तो कुणी मुद्दाम पाहावा असा नसतो. तो सरळ येत नाही. आधी समोरच्या इमारतीच्या काचांवर पडतो, तिथून तिकीटखिडकीच्या काउंटरवर, काउंटरवरून व्हरांड्याच्या झिजलेल्या फरशीवर. आणि इतक्या ठिकाणी थांबत, थोडा मळून, थोडा थकून तो दालनात शिरतो. शिरल्यावरही बराच वेळ खुर्च्यांच्या पायांशीच रेंगाळतो. एकशे वीस खुर्च्या आहेत, सगळ्या मागे रेललेल्या, आणि रिकाम्या असताना त्या कशाची तरी वाट पाहत पहुडल्यासारख्या दिसतात. उजेड त्यांच्या हातांवरून सरकतो, एखाद्या फाटक्या रेक्झिनपाशी थबकतो, आणि मग अगदी सावकाश घुमटाच्या कडेला लागतो.

घुमट कापडाचा आहे. कडेपासून माथ्यापर्यंत निमुळत्या होत गेलेल्या चोवीस पाकळ्या एकमेकींना शिवून तो केलेला आहे. अंधारात हे कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळच्या या उजेडात मात्र शिवण न् शिवण दिसते. कापड पांढरे म्हणायचे, पण पांढऱ्यातही वये असतात. जुन्या पाकळ्या राखेकडे झुकलेल्या आहेत, मधल्या काही सायीच्या रंगाच्या, आणि गेल्या वर्षी बदललेल्या सहा धुतलेल्या अभ्र्यासारख्या कोऱ्या. पहिल्या पाकळीवरून तिसरीवर जायला उजेडाला पाऊण तास लागतो. झाडणाऱ्या बाईंनी उडवलेली धूळ त्यात वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. मी माझ्या टेबलाशी बसून हे रोज पाहतो. साडेदहाला उठून मला दारे लावावी लागतात, कारण अकरा वाजता रात्र करायची असते.

मी या तारांगणाचा निवेदक आहे. ‘नक्षत्रांची ओळख’ हा पस्तीस मिनिटांचा कार्यक्रम मी दिवसातून तीनदा सादर करतो: अकराला, एकला आणि साडेतीनला. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. दुकानात सुटे मागायचे असले तरी मी दोनदा मनात वाक्य जुळवतो. पण दिवे मालवले, दालनाच्या मधोमध उभे असलेले ते काळे, दोन डोक्यांचे यंत्र सुरू झाले, आणि घुमटावर तारे उमटले, की मी न अडखळता बोलू लागतो. त्या यंत्राला आम्ही मुंगळा म्हणतो. त्याच्या दोन्ही डोक्यांना सुईच्या अग्राएवढी हजारो भोके आहेत, आणि आत एकच दिवा आहे.

“हा उजेडात मुका आणि अंधारात वक्ता,” असे तिकीटताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या तिकीटखिडकीवर बावीस वर्षे बसल्या आहेत आणि त्यांनी मला ‘आठवा ऋषी’ असे नाव ठेवले आहे. “सात वर आहेत, आठवा आमच्या पगारपत्रकावर.”

मी सुरुवात नेहमी हातापासून करतो. हात समोर ताठ धरा, बोटे फाकवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. उत्तरेला तोंड करून अंगठा क्षितिजावर टेकवा; करंगळी पोहोचते तिथे जो मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसतो, तो ध्रुव. लहान मुलाची वीत लहान, पण हातही आखूड. त्यामुळे हे माप सगळ्यांना सारखेच लागू पडते. आपण जितके उत्तरेला जाऊ तितका तो वर चढतो. मग सप्तर्षी दाखवायचे. क्रतू आणि पुलह या दोघांना जोडणारी रेघ पुढे नेली की ती ध्रुवापाशी पोहोचते. शेपटीचा बाक पुढे वळवत नेला की केशरट स्वाती, आणखी पुढे निळसर चित्रा. शेवटी सारे आकाश फिरवून दाखवायचे आणि सांगायचे, की सगळे उगवतात, सगळे मावळतात, हा एकटा जागचा हलत नाही.

गेल्या वर्षी घुमटाच्या सहा पाकळ्या कुजल्या, तेव्हा त्या बदलायला तंबूवाले आले. मोठमोठे तंबू, पडदे, होड्यांची शिडे असले काम करणारे ते कसबी गृहस्थ. गुडघे गेलेले, पण बोटे शाबूत. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी होती. परांचीवर चढायचे काम तीच करी. डाव्या तळव्याला चामड्याचा पट्टा, उजव्या हातात दाभण, दातांत मेण लावलेला दोरा. पहिले तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, कारण तोंडात दोरा होता. चौथ्या दिवशी तिने तो काढला आणि वरून विचारले, “अहो, तुमचा तो ध्रुव नेमका कुठं येतो यात?”

घुमटाखाली झगझगीत दिवे लावलेले होते. तारे दाखवणे शक्य नव्हते. मी मुंगळ्याच्या मागे वाकून अंदाज घेतला.

“आणखी थोडं डावीकडे,” मी म्हणालो. “चार बोटं खाली. तिथं.”

तिने खडूने ठिपका काढला आणि त्यावर बोट ठेवले. “म्हणजे मी आत्ता ध्रुवाला हात लावलाय. खाली उतरले की कुणाला सांगायची सोय नाही, वेड्यात काढतील.”

त्यानंतर तीन आठवडे मी तिला नक्षत्रे शिकवली. दुपारी जेवण झाल्यावर तंबूवाले खुर्ची मागे टाकून डुलकी घेत, तेव्हा मी दहा मिनिटे दिवे मालवत असे. तिने आकाश पाकळ्यांनी लक्षात ठेवले. कृत्तिका अठराव्या पाकळीत, रोहिणी तिच्याच शेजारी शिवणीला चिकटून. मृग पाहिला तेव्हा ती म्हणाली, “ते मधले तीन बघा. एका रेषेत, सारख्या अंतरावर. टाके आहेत ते. हे कुणातरी शिवणारणीनंच घातलेत, आणि उरलेला अंगरखा करायचा राहून गेलाय.” मी गेली पाच वर्षे त्या तिघांविषयी जे सांगत आलो होतो, त्यातले काहीच इतके खरे वाटले नव्हते. आजही मृगापाशी आल्यावर मी मुलांना टाक्यांचे सांगतो. कुणाचे वाक्य आहे ते सांगत नाही.

काम संपत आले, तेव्हा तिने सांगितले की ती मावशीकडे निघाली आहे. मावशीचा, फार उत्तरेकडच्या एका शहरात, नाटकगृहांचे पडदे शिवण्याचा कारखाना आहे. तिथे चांगले काम मिळत होते.

“तिथं ध्रुव किती वर?” तिने विचारले.

मी हिशेब केला. “अडीच विती.”

“बापरे. मान मोडेल.”

गुरुवारी सगळे आटोपले. शुक्रवारी परांची उतरवायची होती. पण शुक्रवारी सकाळी मी आलो तेव्हा ती वरच होती, आणि माझ्या टेबलाच्या बरोबर डोक्यावरची एक शिवण उसवत होती. नीट बसली नाही, म्हणाली. शनिवारीही तीच शिवण. दोन दिवस ती माझ्या डोक्यापासून आठ-नऊ फुटांवर बसून होती, आणि तंबूवाले बाहेर तिकीटताईंशी गुडघ्यांच्या तेलाविषयी बोलत होते. मी त्या दोन दिवसांत पुष्कळ बोललो. तिकडे सप्तर्षी मावळतच नाहीत, रात्रभर ध्रुवाभोवती घिरट्या घालतात, हे सांगितले. अगस्ती तिकडे कधीच उगवत नाही, हे सांगितले.

“कधीच नाही?”

“नाही. तो तिथल्या क्षितिजाच्या खालीच राहतो.”

“मग?”

“मग... बाकीचे बरेच दिसतील.”

शनिवारी संध्याकाळी तिने शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि खाली उतरली. तळव्यावरचा पट्टा सोडत ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. “आणखी काही सांगायचं राहिलंय?” तिने विचारले.

“राहिलंय,” मी म्हणालो. “शर्मिष्ठा राहिली.”

मी दिवे मालवले आणि तिला शर्मिष्ठा दाखवली. पाच तारे, पसरट, मोडक्या खुर्चीसारखे. सप्तर्षी खाली गेले की ध्रुव शोधायला हीच उपयोगी पडते, असे मी सांगितले. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतले. मग “बरं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्या दिवसापासून मी उत्तराची वाट पाहत होतो. जे सांगायचे होते ते तिला उमगले आहे, असे मी धरून चाललो होतो. दोन दिवस माणूस जे बोलतो त्यात सगळे आलेच की. आता बोलायची पाळी तिची होती. तिकीटताईंनी आठवड्याभरात छडा लावला. “काय रे आठव्या ऋषी, गेली ना पोरगी? काही म्हणाली की नाही?”

“अजून नाही. तिचं उत्तर यायचंय.”

“येईल, येईल. बायका विचार करून उत्तर देतात. आमच्या ह्यांना मी आठ महिने लावले होते, अजून पस्तावतात.”

मी दर महिन्याला तिच्या शहराचे आकाश हाताने काढून पाठवू लागलो. काळ्या शाईचा नकाशा, मधोमध ध्रुव, खाली तारीख. तिची दोन पत्रे आली. पहिल्यात होते: ‘नकाशा मिळाला. इथं ढगच फार. काम भरपूर आहे. बाबांना सांगा, गुडघ्याला पट्टा बांधूनच शिडी चढा.’ दुसऱ्यात होते: ‘तुमचे नकाशे भिंतीवर लावलेत. कारखान्यातल्या सगळ्या विचारतात, कोण पाठवतं? काय सांगू?’ ते पत्र मी इतक्या वेळा वाचले की त्याच्या घडीवर भोक पडले. उत्तरात मी लिहिले, ‘तारांगणाकडून येतात, असे सांगावे.’ त्यानंतर पत्र आले नाही. ढग असतील, असे मला वाटले.

मुंगळ्याच्या बगलेला अक्षांशांची एक चकती आहे. ती फिरवली की पृथ्वीवरच्या कुठल्याही गावचे आकाश घुमटावर आणता येते. आमच्या गावाची खूण विसावर आहे. साडेतीनचा कार्यक्रम चार वाजून पाच मिनिटांनी संपे, मुले जात, मी दार लावून घेई आणि चकती पन्नासावर नेई. सारे आकाश कलंडे. ध्रुव उत्तरेच्या शिवणीवरून वर चढत जाई, दक्षिणेकडे अगस्ती बुडे, वृश्चिकाची नांगी बुडे, आणि तिच्या खिडकीबाहेर ढगांच्या मागे जे असणार ते माझ्या डोक्यावर येऊन थांबे. दहा मिनिटे मी खुर्चीत रेलून पाहत असे. मग चकती पुन्हा विसावर, दिवे, कुलूप. चौदा महिने यात एकही दिवस चुकला नाही. हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि याने कुणाचे काही बिघडतही नव्हते.

यंदा घुमटाच्या माथ्याजवळ कापड ओघळू लागले. साहेबांनी तंबूवाल्यांना लिहिले, आणि एका सोमवारी त्यांचे पोस्टकार्ड आले. ‘पंधरवड्यात येतो. दोन माणसांची राहण्याची सोय करावी.’

तिकीटताईंनी ते कार्ड खिडकीतून माझ्यापुढे नाचवले. “दोन माणसं! एक तंबूवाले. दुसरं कोण असेल बरं? मला तर बाई काही सुचत नाही.”

“त्यांच्या कामाला मदतीला कुणीतरी लागतंच,” मी म्हणालो.

“लागतंच ना. परांचीवर चढायला. दाभण धरायला. कान बघ कसे लाल झालेत. न्हाव्याकडे जाऊन ये, ते केस तेवढे आवर.”

त्या दुपारी मी चकती पन्नासावर नेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. आता हे आकाश पाहायची गरज उरणार नाही, असे वाटत होते, म्हणून त्याचा निरोप घेतल्यासारखा बसलो. मग उठलो, दिवे लावले, कुलूप घातले आणि न्हाव्याकडे गेलो. चकती पन्नासावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी ध्रुव दाखवला. मुलांनी हात ताठ केले, बोटे फाकवली. हातातल्या विजेरीचा उजेडी बाण ध्रुवावर नेऊन मी म्हणालो, “क्षितिजापासून अडीच विती.” माझ्या आवाजाला जराही कंप सुटला नाही. साहेबांनी बोलावीपर्यंत, रोज तिन्ही कार्यक्रमांत, मी तेच सांगत राहिलो. आता लोक विचारतात की आयुष्य ज्यात घालवले ते आकाश तिरके झालेले मला दिसले कसे नाही. खरे सांगायचे तर मला ते तिरके वाटलेच नाही. चौदा महिने मी ज्याच्याकडे मन लावून पाहिले होते ते हेच आकाश होते. आपल्या गावचे मी केवळ दाखवत होतो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावले. आमचे साहेब निवृत्तीला आलेले, मंद आवाजाचे गृहस्थ. त्यांच्या हातात रेघी वहीचा कागद होता.

“बसा,” ते म्हणाले. “एका शाळेकडून आलंय. वाचून दाखवतो.” त्यांनी चष्मा लावला. “‘आम्ही सातवी ब चे विद्यार्थी. आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही एकोणतीस जणांनी शनिवारी संध्याकाळी आपापल्या गच्चीवरून अडीच विती मोजल्या. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे सप्तर्षी पूर्ण दिसले नाहीत. ध्रुव सापडला. परंतु आपण म्हणाला होता की ध्रुव जागचा हलत नाही. आमचा ध्रुव दीड तासात मूठभर डावीकडे सरकला. एका गच्चीवरून तर तो पाण्याच्या टाकीमागे गेला. आमच्यातील दोघींचे म्हणणे आहे की टाकी हलली. कृपया खुलासा करावा.’”

त्यांनी चष्मा काढला. “ध्रुवाची बदली झाली, आणि कार्यालयाला आदेशाची प्रत नाही? असं कसं?”

अडीच विती. मी मनातल्या मनात उत्तरेला तोंड केले आणि संध्याकाळी त्या उंचीवर कोण येतो ते आठवले.

“क्रतू,” मी म्हणालो. “त्यांनी क्रतूला ध्रुव म्हटलं.”

“तुम्ही म्हणायला लावलंत.”

“हो.”

“चकती कुणी फिरवली?”

“मीच.”

“कशासाठी?”

मी वाक्य जुळवू लागलो. ते काही जुळेना. साहेबांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे पाहिले आणि पन्नासाच्या रेघेवरून नजर फिरवत गेले. “मला त्या रेघेवरचं कुणी माहीत नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला असेल. तो तुमचा प्रश्न. पण हे बघा, या पोरांना एका मोठ्या माणसानं अंधारात बसवून, गोड आवाजात सांगितलं की हा तारा हलत नाही. त्यांनी दीड तास बसून पाहिलं आणि लिहून कळवलं की हलला. मी सातवी ब मध्ये असतो तर टाकी हलली म्हणणाऱ्यांत असतो. कळतंय का? त्यांना आजच्या आज लिहा. बाकीच्या शाळांनाही. आणि चूक कुणाची ते स्पष्ट लिहा, ‘तांत्रिक कारणास्तव’ वगैरे नको.”

मी लिहिले. ध्रुव एकाच वितीवर आहे. तुम्ही पाहिला तो सप्तर्षींतला क्रतू. तो हलतो, आणि तुम्ही त्याला हलताना पाहिलेत हे उत्तम झाले. टाकी जागच्या जागी आहे. चूक निवेदकाची. मग चकती विसावर आणून मी ती चिकटपट्टीने पक्की केली. वाईट वाटले, पण फारसे नाही. आठवड्याभरात ती यायची होती.

तंबूवाले गुरुवारी सकाळी आले. मी दालनात होतो, दारे उघडी होती. आधी त्यांची काठी आली, मग ते, आणि त्यांच्या मागून दोन पिशव्या आणि कापडाचा गठ्ठा सावरत एक जाडजूड मिशीवाले गृहस्थ आले. मी त्यांच्याही मागे पाहत राहिलो. मागे व्हरांडा होता.

“हा माझा मेहुणा,” तंबूवाले म्हणाले. “शिवणकामात शून्य, पण शिडी घट्ट धरतो.”

“शून्य तर शून्य, भावोजी,” मेहुणे पिशव्या टेकवत म्हणाले, “पण शून्याला चहा मिळेल की नाही ते विचारा.”

“आणि तुमच्या...” मी म्हणालो, आणि पुढचा शब्द शोधू लागलो. “यंदा वर कोण चढणार?”

“मीच. काय करता? ती काही यायची नाही आता.” तंबूवाले एका खुर्चीत सावकाश टेकले. “गेल्या महिन्यात तिथं कायमचं राहायची कागदपत्रं केली तिनं. हाताखाली चार बायका आहेत. दोन खोल्यांचं घर केलंय, खाली बेकरी, सकाळी पावाचा वास येतो म्हणे. बरी आहे. फोनवर हसते मधूनमधून.” त्यांनी गुडघा चोळला. “बाप आहे, दोन्ही गोष्टी वाटतात. बरंही वाटतं, आणि दुसरंही.”

मेहुणे परांचीचे नळ आणायला बाहेर गेले. तंबूवाल्यांनी मान वर करून घुमट न्याहाळायला सुरुवात केली. ओघळलेला माथा त्यांनी नुसता पाहिल्यासारखा केला. त्यांची नजर पाकळ्यांवरून उतरत उतरत माझ्या टेबलाच्या वर येऊन थांबली. उजेड अजून तिथपर्यंत आलेला नव्हता, पण शिवण दिसत होती.

“ही तिची,” ते म्हणाले. “शेवटची.”

“हो.”

“दोनदा उसवली होती. आठवतं? शुक्रवारी एकदा, शनिवारी एकदा.” ते माझ्याकडे पाहत नव्हते. “पहिल्यांदा घातली तेव्हाच चांगली होती. मी बोट फिरवून बघितलं होतं. मी म्हटलं, अगं, काय खोट आहे हिच्यात? तर म्हणाली, बाबा, मला आणखी दोन दिवस द्या. प्रवासाचं तिकीट पुढं ढकललं. मी चाळीस वर्षं हे काम करतोय. माझी मुलगी चांगली शिवण उगाच उसवत नाही.”

तिकीटताई चहाचे कप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ‘यायची नाही’ हे ऐकले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्हणून म्हटलं यंदा भेट होईल तेव्हा विचारावं,” तंबूवाले म्हणाले. “राग मानू नका. तुमच्या दोघांत काही बोलणं झालं होतं का? मी बाहेर बसत होतो ते काही तेलासाठी नव्हे. आणि तिच्या मनात नसेल, तर तेही ठीकच. ती नाही म्हणाली का तुम्हाला?”

“अहो, नाही म्हणाली असती तरी बरं झालं असतं,” तिकीटताई पुढे आल्या. त्यांनी कप माझ्या टेबलावर जरा जोरातच ठेवले. “चौदा महिने हा पोरगा वाट बघतोय. दर महिन्याला नकाशे काय, पत्रं काय! आणि तुमच्या लेकीनं साधं उत्तर देऊ नये याला? हो नाही तर नाही, एका ओळीचं काम. मी माझ्या पोरीला असं वागू दिलं नसतं, स्पष्ट बोलते.”

तंबूवाल्यांनी मान खाली आणली. ते दुखावलेले नव्हते, गोंधळलेले होते. “उत्तर दिलं नाही? नाही हो. ती तशी नाही. तोंडावर बोलणारी आहे, तुम्हीही पाहिलंय. गिऱ्हाइकाचं पत्र आलं तर जेवणाआधी उत्तर लिहिते.” ते माझ्याकडे वळले. “तुम्ही तिला नेमकं काय विचारलं होतं?”

बाहेर मेहुण्यांनी नळ फरशीवर टाकले, आणि त्यांचा आवाज घुमटात दोनदा फिरला. तिकीटताई माझ्या बाजूने उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, माझ्या उत्तराची खात्री असल्यासारख्या. तंबूवाले वाट पाहत होते. मी मनात वाक्य जुळवू लागलो. शुक्रवार आठवला, शनिवार आठवला, त्यातला शब्द न् शब्द चाचपून पाहिला. स्वाती होती, चित्रा होती, अगस्ती होता.

“काही नाही,” मी म्हणालो. “मी तिला काही विचारलंच नव्हतं.”